पुण्याहून व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जायचंय? मग आधी हे वाचा

जून लागला की मला तोच मेसेज येतो, "तू व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला गेलीयेस ना, जरा सांग ना कसं करायचं ते." मग मी बसून एवढं मोठं टाईप करते, समोरून नुसता अंगठा येतो, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कोणाचा तरी तोच मेसेज. म्हणून यंदा एकदाच सगळं लिहून ठेवतेय, जसं आठवेल तसं, क्रमबिम बघू नका.

मी दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा आम्ही चौघी मैत्रिणी एका टूरबरोबर गेलो, आठ दिवसांत बद्रीनाथ, माणा गाव, औली, हेमकुंड (शिखांचं उंचावरचं तीर्थ) आणि व्हॅली असं सगळं कोंबलेलं पॅकेज, त्यात व्हॅलीच्या वाट्याला एक दिवस. आणि नेमकं त्या दिवशी असं धुकं पडलं की पुढे चालणाऱ्या मैत्रिणीचा लाल पॉन्चो तेवढा दिसायचा, बाकी सगळं पांढरं. घरी आल्यावर सगळे विचारायचे कशी होती गं व्हॅली, आणि आम्ही चौघी एकमेकींकडे बघायचो. दुसऱ्या वेळी मावशी आणि मी दोघीच गेलो, मावशी तेव्हा एकसष्टची, टूर नाही, सगळं बुकिंग आमचं आम्ही केलेलं, आणि व्हॅलीला दोन दिवस ठेवलेले. त्यातल्या पहिल्या दिवशी परत पाऊस लागला पण दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला जे ऊन पडलं ना... असो. तर बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल पण एवढं करा, बद्रीनाथ पुढच्या वेळी करा, औली पावसाळ्यात राहूच द्या, पण व्हॅलीला दोन दिवस द्या.

आधी ही जागा काय आहे ते सांगते, कारण अजूनही लोकांना वाटतं की गाडीतून उतरलं की समोर फुलं. उत्तराखंडात चमोली जिल्ह्यात हे राष्ट्रीय उद्यान आहे, १९८२ साली जाहीर झालं, क्षेत्रफळ ८७.५ चौरस किलोमीटर, आणि २००५ पासून शेजारच्या नंदादेवी उद्यानाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आपण फिरतो तो भाग म्हणजे पुष्पावती नदीचं खोरं, साधारण पाच किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद, उंची ३३०० ते ३६०० मीटरच्या आसपास. खोऱ्याच्या टोकाला टिपरा हिमनदी आणि वर गौरी पर्वत, तो ६७०० मीटरच्या वर आहे. आता आपला कळसूबाई १६४६ मीटर, आणि इथे गाडीरस्ता सोडून आपण ज्या गोविंदघाटला वळतो तेच १८०० मीटरवर आहे, म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच टोकाच्याही वर उभं राहून आपण चढायला सुरुवात करणार. हे घाबरवायला नाही सांगत, पण "आम्ही काय दर रविवारी सिंहगड करतो" या थाटात जाऊ नका एवढंच.

आणि पुणेकरांचा ठरलेला प्रश्न, कास बघितलंय की, मग एवढ्या लांब कशाला. अहो कास वेगळं आणि हे वेगळं. कासला जांभ्याचा सडा, वर वीतभर माती, फुलं घोट्याएवढी आणि एकाच जातीची हजारो, त्यामुळे गालिचा दिसतो. इथे खोल माती आहे, बर्फाचं पाणी आहे, झाडोरा कमरेपर्यंत, कधी डोक्याच्याही वर येतो आणि त्यात सगळं मिसळून फुलतं, पाचशेच्या वर जातींची फुलझाडं आहेत या उद्यानात. त्यामुळे फोटोत दिसतो तसा गुलाबी गालिचा शोधत गेलात तर हमखास हिरमोड होणार, पहिल्या वेळी आमच्यातली एक तर गेटपासून अर्ध्या तासावर म्हणाली "फुलं कुठायत?" आणि ती फुलांच्यातच उभी होती.

कधी जायचं तर उद्यान १ जूनला उघडतं आणि ३१ ऑक्टोबरला बंद होतं. जूनमध्ये बर्फ वितळत असतो, नाल्यांवर अजून बर्फाचे थर असतात, फुलं अगदी सुरुवातीची. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सगळ्यात जास्त फुलं, आणि अर्थात सगळ्यात जास्त पाऊस आणि दरडी पण तेव्हाच. ऑगस्टच्या शेवटाला फुलं जरा उतरतात पण ब्रह्मकमळं छान मिळतात आणि आकाश मोकळं व्हायला लागतं. सप्टेंबरच्या शेवटाला पानं पिवळी-लाल, फुलांसाठी म्हणाल तर उशीर झाला पण शांतता हवी असेल तर जा. मला विचाराल तर ऑगस्टचा पहिला आठवडा. पंधरा ऑगस्टचा लाँग वीकेंड मात्र टाळा, अर्धं पुणे तिथेच असतं, घांघरियाच्या, म्हणजे मुक्कामाच्या गावाच्या गल्लीत "अगं तू इथे?" ऐकू येतं.

पावसाचं एक सांगते. आपल्या ताम्हिणीत किंवा माळशेजला जसा झोडपतो तसा तिथे बहुतेक वेळा नसतो, बारीक भुरभुर चालू असते तासन्‌तास, छत्री उघडावी की नाही असा. पण भिजायला तेवढी पुरते आणि थंडी असल्यामुळे भिजलेलं काही वाळत नाही.

दिवसांचा हिशोब असा. पुण्याहून दिल्ली, विमानाने नाहीतर रेल्वेने, झेलम एक्सप्रेस नवी दिल्लीला जाते, गोवा एक्सप्रेस निजामुद्दीनला जाते, दोन्हीला एक दिवसाहून जास्त लागतो. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधीच उघडतं, आधीसारखं चार महिने नाही, त्यामुळे तारीख ठरवून अलार्म लावा. दिल्लीहून हरिद्वार किंवा ऋषिकेश, तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून जोशीमठ, अंतर अडीचशे किलोमीटर आहे म्हणून पुणे-कोल्हापूर धरून चालू नका, दहा-बारा तास जातात. सिरोबगडला श्रीनगर आणि रुद्रप्रयागच्या मधे दरड ही ठरलेली, आणि अंधार पडल्यावर डोंगरातल्या रस्त्याला गाड्या सोडत नाहीत, म्हणून पहाटे पाचला निघायचं म्हणजे पाचलाच, चहा रस्त्यात. वाटेत प्रयाग मोजत बसा, देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग, पाचवा विष्णुप्रयाग जोशीमठच्या पुढे लागतो. मावशीने प्रत्येक संगमाला खिडकीतून हात जोडले आणि दोन नद्यांचं पाणी वेगळ्या रंगाचं दिसतं की नाही हे बघून मला उठवलं.

जोशीमठचं नाव सरकारी कागदांवर आता ज्योतिर्मठ झालंय पण गाडीवाले जोशीमठच म्हणतात. २०२३च्या जानेवारीत इथेच घरांना तडे गेले होते, बातम्यांत बघितलं असेल. तिथून गोविंदघाट वीसेक किलोमीटर. गोविंदघाटला अलकनंदेवरचा पूल ओलांडून शेअर जीपने चार किलोमीटर पुलना, आणि पुलनापासून घांघरिया नऊ-दहा किलोमीटर चालत. मग घांघरियात चार रात्री काढायच्या, एक दिवस व्हॅली, एक दिवस हेमकुंड, परत एक दिवस व्हॅली, पाचव्या दिवशी खाली. आणि परतीच्या तिकिटाआधी एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा, हा दिवस लोक पहिल्यांदा कापतात आणि तोच नडतो. पहिल्या वेळी आमचं परतीचं विमान हुकता हुकता वाचलं, सहा तास रस्त्यात बसलो होतो, समोर जेसीबी आणि मागे दोनशे गाड्या. एकूण दहा-अकरा दिवस धरा. ऑफिसला सांगताना बारा सांगा.

हा सगळा भाग नाजूक आहे हे डोक्यात असू द्या. २०१३च्या जूनमध्ये केदारनाथला जो प्रलय झाला तेव्हा इकडेही भ्यूंदार गाव आणि गोविंदघाटचा बराच भाग वाहून गेला, घांघरियाची जुनी वाटही गेली. आता आपण चालतो ती नंतर बांधलेली, भ्यूंदारनंतर पूल ओलांडून पलीकडे जाते आणि शेवटचे तीन किलोमीटर चांगलीच उभी आहे. २०२५च्या मार्चमध्ये गोविंदघाटचा पूलही दरडीखाली गेला होता, मग सीझनच्या आधी घाईने बेली ब्रिज, म्हणजे जोडून उभारतात तो लोखंडी पूल, टाकला. म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात हॉटेलवाल्याला फोन करून रस्त्याचं विचाराच, तो खरं सांगतो, रोज त्यालाच भोगायचं असतं.

कागदपत्रं फार नाहीत. आधार कार्ड आणि त्याच्या दोन झेरॉक्स. हेमकुंडला जाणार असाल तर उत्तराखंड पर्यटनचं यात्रेचं ऑनलाइन रजिस्ट्रेशन करावं लागतं. व्हॅलीचं परमिट घांघरियाच्या पुढे वनखात्याच्या गेटवर मिळतं, आणि एक परमिट तीन दिवस चालतं, आता सांगा, तीन दिवसांचे पैसे भरून लोक एक दिवस जाऊन येतात! तेच परमिट आणि पावती जपून ठेवा, ओली होऊ देऊ नका, परत दाखवावी लागते. घांघरियात एटीएमच्या भरवशावर राहू नका, यूपीआय नेटवर्क असेल तर चालतं आणि नेटवर्क ढगांच्या मर्जीवर असतं, तेव्हा सगळ्या मुक्कामाची रोख जोशीमठलाच काढून घ्या.

आता सराव. दीड-दोन महिने आधी सुरू करा. सिंहगड आतकरवाडीतून पायी, आधी आठवड्यातून एकदा, मग एकाच दिवशी दोनदा, आणि वर जाऊन भजी, पिठलं-भाकरी, दही असं सगळं खाल्लंत तर तो सराव नाही ती सहल. दोनदा चढता-उतरता आला की घांघरियाची वाट जमते. चढापेक्षा उताराकडे लक्ष द्या, गुडघे तिथे बोलतात. के टू एस म्हणजे कात्रज ते सिंहगड एकदा केलात तर उत्तम, त्या सगळ्या टेकड्यांचे चढ-उतार पायाला बरोबर शिकवतात. ज्यांना वीकेंडला वेळ नाही त्यांनी रोज पर्वती, वर-खाली चार वेळा, किंवा वेताळ टेकडी तासभर. मावशी दोन महिने रोज सकाळी पर्वतीला जायची, पाठीवर सॅकमध्ये तांदळाची पाच किलोची पिशवी टाकून, तिथल्या नेहमीच्या आजोबांनी तिला विचारलं की काय हो रेशन वर नेता का. पण घांघरियाला ती माझ्या आधी पोचली.

सामानात काय न्यायचं यावर माझी एकट्याची मतं आहेत. जीन्स नको, कॉटनचं काहीच नको, भिजलं की जड आणि वाळायचं नाव नाही. पॉन्चो आणि खाली रेन पँट, दोन्ही हवं, नुसता पॉन्चो घेतला की गुडघ्याखाली सगळं ओलं. सॅकला कव्हर असलं तरी आत कपडे प्लास्टिकच्या जाड पिशव्यांत गुंडाळून भरा, कव्हरचा भरवसा नाही. बूट चांगल्या ग्रिपचे आणि आधी महिनाभर वापरलेले, कारण वाट दगडी फरसबंदीची आहे, तिच्यावर घोड्यांची लीद आणि पाऊस एकत्र झाले की साबण. मोजे जितके आठवतील त्याच्या दुप्पट. काठी विकत न्यायची गरज नाही, गोविंदघाटला बांबूची मिळते आणि छान असते. थंडीचं एक जाड जॅकेट, कानटोपी, हातमोजे, ऑगस्टमध्ये कशाला असं म्हणू नका, हेमकुंडला बोटं आखडतात. बॅटरी, पॉवर बँक, कारण वीज जाते. आणि खाऊ आपला न्या, भाकरवडी, राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याची चिक्की, खिशात मावेल असं, चौथ्या दिवशी पराठे आणि मॅगीचा कंटाळा येतोच. कापराची पुडी आपल्याकडे सगळेच देतात, हुंगली की दम कमी लागतो म्हणून. न्या, वास छान येतो, पण डोकं दुखायला लागलं, मळमळलं, चालताना तोल जातोय असं वाटलं तर कापूर नाही, खाली उतरणं हेच औषध. बीपी, दमा, हृदयाचं काही असेल तर पुण्यातच डॉक्टरांशी बोला, उंचीवरच्या गोळ्याही त्यांना विचारूनच, मित्राने दिल्या म्हणून घेऊ नका.

पुलना ते घांघरिया सकाळी आठच्या आत सुरू करा, पाच-सहा तास लागतात, आरामात गेलात तर सात. घोडा मिळतो, पाठीवर बास्केटमधून नेणारे कंडीवाले मिळतात, सामानासाठी पोर्टर मिळतो, दर ठरवून घ्या आणि मग घासाघीस बास करा, बंडगार्डनच्या रिक्षासारखं नको, सहा महिने बर्फात बंद असलेल्या गावाची ही वर्षाची कमाई आहे. वाटेत गुरुद्वाऱ्याला जाणारे शीख यात्रेकरू भेटतात, म्हाताऱ्या बायका अनवाणी चढत असतात आणि आपण आपल्या महागड्या बुटांत धापा टाकत असतो. घांघरिया म्हणजे ३०५० मीटरवरची एक अरुंद गल्ली, दोन्हीकडे हॉटेलं, ढाबे, गुरुद्वारा. गादीचा कुबट वास येणार, गरम पाणी बादलीने विकत मिळणार, हे धरूनच जा. गुरुद्वाऱ्यात राहायची सोय असते आणि लंगर सगळ्यांना, डोकं झाकायचं, बूट बाहेर, ताटात घेतलेलं टाकायचं नाही.

घांघरियाच्या पुढे वाट फुटते, उजवीकडे हेमकुंड, डावीकडे व्हॅली. गेट सकाळी सातला उघडतं, तुम्ही पावणेसातला तिथे असा. दुपारी उशिरा आत सोडत नाहीत आणि पाचच्या आत बाहेर यावंच लागतं, आत राहायला, तंबू ठोकायला बंदी आहे, आत दुकान नाही, चहा नाही, घोडे नाहीत. डबा बांधून घ्या. गेटपासून आधी झाडी, मग पुष्पावतीवरचा पूल, मग एक दमवणारा चढ, भोजपत्राची झाडं लागतात, सालीचे पापुद्रे सुटलेले (सोलू नका, प्रत्येक जण एक तुकडा सोलतो), आणि मग एकदम खोरं उघडतं. इथपर्यंत तीन-चार किलोमीटर. बहुतेक लोक इथे फोटो काढतात, डबा खातात आणि परत फिरतात. तुम्ही फिरू नका, पुढे सपाटच आहे, आणि खरी व्हॅली इथून सुरू होते.

फुलं बघायची कशी, तर मावशीने मला शिकवलं ते सांगते. ती निवृत्त शाळाशिक्षिका, आयुष्यभर मुलांना घेऊन सह्याद्रीत भटकलेली. मी फोनवर अॅप उघडून नावं शोधत होते आणि नेटवर्क नव्हतं. ती म्हणाली, "अगं नाव राहू दे, हा कोणाचा भाऊ ते बघ." आणि खरंच, झाडीत शिरल्यावर नागाच्या फणीसारखं हिरवं-पांढऱ्या पट्ट्यांचं फूल दिसलं तर ती म्हणे हा आपला सापकांदा, पहिल्या पावसात राजगडच्या वाटेवर येतो ना, त्याच्या घरातला. तिथे त्याला कोब्रा लिली म्हणतात, कूळ एकच. पुढे माणसाच्या उंचीचं गुलाबी फुलांचं रान लागलं, फुलाला मागे शेपटी, शेंगेला बोट लावलं की फट्‌कन फुटून बी उडते. हा तेरडा! गौरीला आणतो तो, कासला फुलतो तो, फक्त इथे हिमालयाचं पाणी पिऊन सहा फूट झालेला. असं बघायला लागलं की पाचशे जातींची भीती जाते. मग जे आपल्याकडे नाहीच ते वेगळं उठून दिसतं, निळी पॉपी म्हणजे तर काय सांगू, पाकळ्या कागदासारख्या, रंग असा की फोटोत येतच नाही, आणि देठ सगळा काटेरी. ती दगडांच्या फटीत एकटी-दुकटी असते, घोळक्याने जाणाऱ्याला दिसत नाही. नदीच्या वाळूत पसरलेली गुलाबी फुलं, पांढरे अॅनाफॅलिसचे झुबके जे वाळल्यावरही तसेच राहतात, निळा-जांभळा बचनाग, हा विषारी, हात लावू नका. प्राणी म्हणाल तर कस्तुरीमृग, भरल, काळं अस्वल, हिमबिबट्या सगळे उद्यानात आहेत पण आपल्याला दिसतो तो पिका, उंदीर आणि सशाच्या मधलं काहीतरी, दगडावर येऊन बघतो आणि गायब.

आत अडीच-तीन किलोमीटर गेलात की एक थडगं लागतं. जोन मार्गारेट लेग, लंडनच्या क्यू गार्डन्ससाठी फुलं गोळा करायला आलेली इंग्रज बाई, १९३९ साली इथेच कड्यावरून घसरून गेली, नंतर तिची बहीण येऊन दगड बसवून गेली. त्याच्या आठ वर्षं आधी, १९३१ला, फ्रँक स्माइथ आणि त्याचे साथीदार कामेट शिखर चढून उतरताना वाट चुकून, पाऊस चुकवत या खोऱ्यात शिरले, आणि फुलं बघून वेडे झाले. स्माइथ १९३७ला परत आला, महिनोन्‌महिने राहिला, त्यावर पुस्तक लिहिलं आणि हे इंग्रजी नाव जगभर झालं. सगळीकडे लिहिलेलं असतं की त्याने व्हॅली "शोधली". मला याची चीड येते, भ्यूंदारचे लोक, मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या इथे येत होतेच की, त्यांच्यात गोष्टी होत्या की इथे पऱ्या राहतात, रमलेल्या माणसाला घेऊन जातात, म्हणून फार वेळ थांबू नये.

उद्यान झाल्यावर चराई बंद केली. आणि मग एक गंमत झाली, म्हणजे गंमत नाहीच, अमेला नावाचं एक उंच वाढणारं झुडूप, पॉलिगोनमच्या जातीतलं, भराभर पसरायला लागलं आणि बाकीच्या फुलांना दाबायला लागलं. काहींचं म्हणणं मेंढ्या ते खाऊन, तुडवून काबूत ठेवायच्या, काहींचं म्हणणं मेंढ्यांनी बाकीचंही खाल्लंच असतं. वनखातं दरवर्षी माणसं लावून ते उपटतं, तुम्हाला वाटेत ढीग दिसतील. कासला कुंपण घालावं की गुरं चरू द्यावीत हा वाद आपण ऐकतो ना, अगदी तोच. मला एकच बाजू घ्यायला जमत नाही यात.

मधल्या दिवशी हेमकुंड. घांघरियापासून सहा किलोमीटर आणि तेवढ्यात बाराशे मीटरच्या वर चढ, म्हणजे जवळजवळ दोन सिंहगड एकावर एक, आणि हवा विरळ. पहाटे पाचला निघा, पाच पावलं, थांबा, श्वास, परत पाच पावलं. मावशीने येताना चालत आणि जाताना घोडा घेतला, यात लाज कसली. वर तलाव, सात शिखरांच्या मधे, गुरुद्वारा आणि शेजारी लक्ष्मणाचं छोटं देऊळ. शीख परंपरेत गुरू गोविंदसिंगांनी आधीच्या जन्मी इथे तप केलं असं मानतात, १९३० च्या दशकात संत सोहनसिंग आणि हवालदार मोदनसिंग यांनी ही जागा शोधून काढली. वर मिळणारी खिचडी आणि स्टीलच्या ग्लासातला चहा, त्या थंडीत, त्याची तुलना कशाशीच नाही. वर रात्री राहू देत नाहीत, दुपारी खाली निघायचं.

आणि ब्रह्मकमळ. हे पुणेकरांना सांगायलाच पाहिजे. आपल्या प्रत्येक सोसायटीत एका तरी बाल्कनीत ते असतं, रात्री फुलतं, मग शेजाऱ्यांना बोलावून आरती करतात, फोटो ग्रुपवर येतात. ते ब्रह्मकमळ नाही हो, ते निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं अमेरिका खंडातलं. खरं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं, उत्तराखंडचं राज्यफूल, हेमकुंडच्या शेवटच्या चढावर दगडांत उभं असतं, पिवळट पांढऱ्या कागदी पानांच्या ओंजळीत जांभळं बोंड. मावशीच्या घरी कुंडीत पंधरा वर्षं ते दुसरंवालं आहे. ती बराच वेळ बघत उभी राहिली, मग म्हणाली, "म्हणजे मी इतकी वर्षं निवडुंगाला ओवाळतेय." तोडू नका, कोणी तोडून विकत असेल तर घेऊ नका.

मधे हेमकुंड केल्यावर पाय बोलत असतात, आणि तिसऱ्या दिवशी परत व्हॅलीत जायचं म्हणजे जिवावर येतं. तरी जा. आता वाट माहीत असते, कुठे काय फुललंय माहीत असतं, घाई नसते. आम्ही थडग्याच्या पुढे नदीपर्यंत गेलो, तिथे दिवसभरात आमच्याशिवाय सहा माणसं आली असतील. धुकं येतं आणि जातं, तेव्हा उठू नका, दगडावर बसा, वीस मिनिटांत परत उघडतं, पहिल्या वेळी आम्ही नेमकं तेव्हाच कंटाळून परत फिरलो होतो. आपला कचरा आपल्या सॅकमध्ये, चिक्कीचा कागदसुद्धा. स्पीकरवर गाणी लावणारा भेटला तर गोड बोलून बंद करायला लावा, मावशी "बाळा" म्हणून सांगायची, लगेच ऐकायचे.

परतीला रस्ता बंद झाला नाही तर तो राखून ठेवलेला दिवस जोशीमठला बूट वाळवण्यात घालवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, दर दोन तासांनी बदलत. ओले बूट तसेच रेल्वेच्या बर्थखाली ठेवलेत तर डब्यातली माणसं तुम्हाला पुण्यापर्यंत माफ करणार नाहीत.

आम्ही घरी पोचलो, मावशीने अजून सॅकही उघडली नव्हती आणि मला म्हणाली, सप्टेंबरचं कासचं ऑनलाइन बुकिंग करून टाक, वीकेंडचं नको, बुधवारचं कर, तेरडा किती उंच होतो ते आता मोजून बघायचंय.